होळीनंतरची बॅच

“परत सांगा, टिळेकर. त्या दिवशी साडी कुठली नेसली होतीत, तिथपासून सांगा.”

खांबेटे सर हे गमतीने म्हणत नव्हते. गंमत करणं त्यांना जमतच नसे. प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर ते ताठ बसले होते, समोर काळ्या कागदावर चिमूटभर पांढरी पावडर होती, आणि मी टेबलाच्या पलीकडे आरोपीसारखी उभी होते.

“निळी, सर,” मी म्हणाले.

“हिरवी,” मागून पिसाळ म्हणाला. तो बेसिनपाशी फ्लास्क विसळत होता. “लाल काठाची. होळीला नवी घेतलेली.”

सरांनी मान हलवली. “बघा. निरीक्षण असं पाहिजे. तुम्हाला स्वतःची साडी आठवत नाही.”

मला सरांचा राग आला आणि पिसाळचा त्याहून जास्त आला. दत्तात्रय पिसाळ कराडकडचा, माझ्याबरोबरच पीएच.डी. करायला आलेला, आडदांड हाडापेराचा माणूस. दिवसभरात चार वाक्यं बोलणार आणि त्यातलं एक माझी चूक काढण्यात घालवणार, असं माझं त्याच्याविषयी तेव्हा ठाम मत होतं.

ही गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतली. प्रॉपिलीन नावाचा वायू घ्यायचा, त्याचे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या करायच्या आणि प्लास्टिक मिळवायचं, हे आमचं काम. दोऱ्या, पोती, बादल्या होतात ते प्लास्टिक. हे रेणू आपण होऊन एकमेकांना जोडले जात नाहीत. त्यांना टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांपासून केलेला कॅटलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, लागतो. त्याच्या नखऱ्यांविषयी काय सांगावं? ॲल्युमिनियमवालं द्रावण हवेत उघडलं की धूर सोडून पेट घेणार, आणि पाण्याचा अंश जरी आत गेला तरी सगळा कॅटलिस्ट मरणार. परदेशी कंपन्या तो बनवत होत्या आणि कृतीचा पत्ता लागू देत नव्हत्या. सरांना तो इथे बनवून दाखवायचा होता.

बरं, रेणू नुसते जोडूनही भागत नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला सर समजावून सांगत, “लग्नाची पंगत आठवा. प्रत्येक पानावर चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. प्रॉपिलीनच्या रेणूला एक शेपूट असते. सगळ्या शेपट्या एका बाजूला आल्या, तर साखळ्या एकमेकींशेजारी नीट बसतात आणि कडक, कोरडी पावडर मिळते. पण वाढप्याने एका पानावर चटणी डावीकडे वाढली, दुसऱ्यावर उजवीकडे, की हाती येतो चिकट गोळा.”

आमच्या हाती कायम गोळाच यायचा. फणसाच्या चिकासारखा फ्लास्कला धरून बसायचा आणि तो काढताना बोटं सोलवटून निघायची. आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फ्लास्कमधून एकदम कोरडी, पांढरीशुभ्र पावडर निघाली. ती उकळत्या हेप्टेनमध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या एका द्रवात, घातली. वेड्यावाकड्या साखळ्या हेप्टेनमध्ये विरघळून जातात आणि शिस्तीतल्या तेवढ्या मागे उरतात. एरवी निम्म्याहून जास्त माल विरघळायचा, त्या दिवशी जवळपास सगळा उरला. सरांनी पुन्हा तपासायला लावलं, मग स्वतः तपासलं, आणि ठाण्याच्या बाजूला कारखाना काढू पाहणाऱ्या एका कंपनीला फोन केला. एप्रिलच्या शेवटी आमची माणसं येतील, त्यांच्यासमोर करून दाखवा, असं तिकडून उत्तर आलं.

तेव्हापासून ती पावडर एकदाही निघाली नव्हती. मी केलं, पिसाळने केलं, सरांनी बाह्या सरसावून केलं. गोळा तो गोळाच. आता एप्रिल संपत आला होता आणि प्रयोगशाळेच्या बोळातून जाताना लोक विचारायला लागले होते, “काय टिळेकरबाई, जादूची पावडर संपली का?” याचा अर्थ मला चांगला कळत होता. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका बॅचवर उभं होतं. ते पडलं की आणखी दोन वर्षं गेली. आणि नगरला वडिलांनी मला दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती. त्यांच्या मनात बँकेतला एक मुलगा भरला होता आणि तो थांबायला तयार नव्हता. प्रबंध झाला तर नोकरी, नाहीतर मांडव, असा सरळ हिशेब होता.

म्हणून मी सरांना ती सकाळ पुन्हा सांगितली. पाण्याचा अंश जावा म्हणून हेप्टेन सोडियमच्या तारेवर वाळवलं होतं. काचसामान रात्रभर भट्टीत होतं. नायट्रोजन सोडला होता. वरच्या नरसाळ्यातून ॲल्युमिनियमचं द्रावण थेंबथेंब आत सोडायचं, तर नरसाळ्याची काचेची तोटी अडकून बसली होती.

“ग्रीस लावलं नव्हतं?” सरांनी विचारलं.

“ग्रीस होतं कुठे, सर? डबा मुंबईला कस्टममध्ये पडला होता. मी तोटीला गरम पाण्यातलं फडकं गुंडाळून ठेवलं आणि प्रॉपिलीनचा सिलिंडर आला का ते बघायला स्टोअरमध्ये गेले. परत आले तोवर तोटी सुटली होती. मग द्रावण सोडलं, गॅस सोडला आणि पावडर आली.”

“फडक्याने सुटली?”

“हो. माझी आई बरणीचं झाकण असंच सोडवते.”

बेसिनपाशी पिसाळच्या हातातून फ्लास्क निसटला आणि फुटला. सर त्याच्याकडे बघून इतकंच म्हणाले, “काच गोळा करा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं त्या दिवसासारखं केलं. तेच नरसाळं, त्याच बाटलीतलं द्रावण, तोटीला तेच गरम फडकं. मी हिरवी साडीसुद्धा नेसून आले होते. सरांचा नवससायासांवर विश्वास नव्हता, पण मी दारातून आत आल्यावर त्यांनी साडीकडे बघून समाधानाने मान डोलवली हे मी स्वतः पाहिलं. फडक्याने तोटी काही सुटेना. शेवटी आता कस्टममधून आलेलं नवीन ग्रीस लावून ती फिरवली. फ्लास्कमधली टायटॅनियमची पिवळट पूड तपकिरी झाली, वायू बुडबुडत आत गेला, आणि दुपारी फ्लास्क उघडून कॅटलिस्ट मारायला आत मद्यार्क ओतला तेव्हा तळाशी तोच ओळखीचा गोळा बसला होता.

सरांनी खिडकीपाशी जाऊन हात पुसले. मग म्हणाले, “मी आज कंपनीला कळवतो, आकडा चुकला होता म्हणून. तपासणी मीच केली होती, तेव्हा चूक माझी. तुमच्यावर काही येणार नाही, टिळेकर.”

“सर, आकडा चुकला नव्हता.”

“मला माहीत आहे. पण जे पुन्हा होत नाही ते झालंच नाही, असं आपल्या धंद्यात धरावं लागतं.”

मी खाली बघितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते जमणार नाही हेही दिसत होतं. हिरव्या साडीवर गोळ्याचा एक डाग पडला होता, तो मी नखाने खरवडत राहिले.

“सर,” पिसाळ म्हणाला. “ती तोटी फडक्यानं सुटली न्हवती.”

सर वळले.

“बाई स्टोअरला गेल्या तवा मी सोडवली. मी आलो तर फडकं पार गार पडलेलं. त्यांचं सकाळपासनं त्या तोटीशी झगडणं चालू होतं, डोळ्यांत पाणी आल्यालं मला दिसत होतं. तवा म्हटलं, सोडवून ठेवू.”

“सोडवली कशाने?”

“तुपानं.”

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

“गाईचं की म्हशीचं?”

“म्हशीचं, सर. घरचं कढवलेलं. चांगलं बोटभर लावलं होतं.”

सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. मग ते फळ्याकडे जवळजवळ धावत गेले आणि खडूने तुपाच्या रेणूचं चित्र काढायला लागले. “तूप म्हणजे एस्टर. हेप्टेनमध्ये तूप विरघळतं! तोटीवरून जाणाऱ्या द्रावणाने ते धुऊन आत नेलं. अहो, कॅटलिस्टवर जोडणी करणाऱ्या जागा दोन प्रकारच्या. काही नीट वाढतात, काही वाटेल तसं वाढतात. एस्टर जाऊन त्या बेशिस्त जागांवर ठाण मांडून बसला. बेशिस्त वाढप्यांना पंगतीतून बाहेर काढलं त्याने! उरले ते सगळे शहाणे.” खडू मोडला. सरांनी दुसरा घेतला, आणि मग त्यांचा हात मध्येच थांबला.

ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. “पिसाळ, तूप प्रयोगशाळेत आलं कुठून?”

आमच्याकडे एक नियम होता आणि तो मोडलेला सर कधी सोडत नसत. प्रयोगशाळेत अन्नाचा कण आणायचा नाही. इथल्या हाताने घास खाल तर तुम्ही मराल आणि घासाच्या हाताने इथे शिवाल तर कॅटलिस्ट मरेल, असं ते म्हणत. आदल्या वर्षी एका मुलाने पंपाशेजारी उभं राहून शेंगदाणे खाल्ले, तर सरांनी त्याला त्याच दिवशी दुसऱ्या विभागात पाठवून दिलं होतं. तो रडला, त्याचे वडील येऊन भेटले, पण सर बधले नाहीत.

“डब्यातनं,” पिसाळ म्हणाला. “पुरणपोळीचा डबा होता. कराडहून यष्टीनं आलेला. सकाळी स्वारगेटला कंडक्टरकडनं घेतला आन् तसाच हितं आलो.”

“आणि इथे बसून खाल्लात?”

“न्हाई सर. कपाटात ठेवला होता.”

“मग खोलीवर ठेवून यायचा. नियम माहीत नव्हता?”

“माहीत होता. पण डबा माझा न्हवता.”

“मग कुणाचा?”

पिसाळने त्या नरसाळ्याच्या तोटीकडे बघितलं. एवढा आडदांड माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

“आईनं बाईंसाठी पाठवला होता,” तो म्हणाला. “मी घरी गेलो की यांचंच सांगत असतो म्हणं. आई म्हणाली, ज्या पोरीचं एवढं सांगतोस तिला सणाचं चार घास तरी दे. दिवसभर धीर केला. पर झाला न्हाई.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं झाली, पण त्या वेळी मी जे बोलले ते आठवून अजून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

“आणि पोळ्या?” मी विचारलं.

“संध्याकाळी खोलीवर नेऊन खाल्ल्या,” पिसाळ म्हणाला. “कोरड्याच. तूप तोटीला गेलं होतं.”

सर खुर्चीत बसले. हसतील असं मला क्षणभर वाटलं. ते हसले नाहीत.

“पिसाळ, तुम्ही आज गप्प बसला असतात तर मला काही कळलं नसतं.”

“व्हय सर.”

“शेंगदाण्याला एक न्याय आणि पुरणपोळीला दुसरा, असं मला करता येणार नाही.”

“माहीत हाय सर. म्हणून तर महिनाभर बोललो न्हाई. वाटायचं, तुपानं काय होतंय, दुसरंच काही कारण निघंल. बाईंची बॅच पुन्हा येईल आन् माझंही इथलं चालू राहील.” तो थांबला. “आज बाईंचं नाव जायला लागलं. मग काय.”

“उद्यापासून खालच्या मजल्यावर, रंगांच्या विभागात. तिथे मी बोलतो. विषय नवीन घ्यावा लागेल, वर्षं जातील. मला वाईट वाटतंय, पण करणार मी हेच.”

मी मध्ये पडले. सर, हे बरोबर नाही, याच्यामुळेच तर सगळं सापडलं, असं बरंच बोलले. सरांनी ऐकून घेतलं. आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, “टिळेकर, तूप पाहिजे. दुकानातलं चालणार नाही. तेच पाहिजे, त्याच घरचं.”

कराडच्या पोस्टमास्तरांकडे फोन करून पिसाळने निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्वारगेटला गेलो. मी कशाला गेले हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उन्हात उभं राहून आम्ही येणारी प्रत्येक लाल गाडी बघत होतो. मला त्याला खूप बोलायचं होतं. मूर्खा, डबा नुसता टेबलावर ठेवला असतास तरी चाललं असतं, एवढं तरी म्हणायचं होतं. पण मी म्हणाले, “माझी साडी हिरवी होती हे तुम्हाला बरं आठवलं.”

“त्यात काय आठवायचंय?” तो गाड्यांकडे बघत म्हणाला.

कराडची गाडी आली. कंडक्टरने खिडकीतूनच पिसाळला ओळखलं. फडक्यात बांधलेला पितळी डबा घेऊन तो खाली उतरला, आणि पिसाळने हात पुढे केला तर त्याने डबा मागे घेतला.

“तुमच्याकडं न्हाई द्यायचा, दत्तूशेट. म्हातारीनं बजावलंय, ह्या टायमाला लेकाच्या हातात देऊ नगा म्हणून.” मग त्याने मला नीट न्याहाळलं. “तुमीच का त्या बाई? धरा. आन् पोचल्याचं मला तुमच्याच तोंडानं सांगा, म्हातारी विचारणार हाय.”

“पोचला,” मी म्हणाले. डबा दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले आणि पिसाळ दुसरीकडे बघत राहिला.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी तुपाने काम केलं. नंतर सरांनी तुपाऐवजी एक शुद्ध, बाटलीतला, गोडसर वासाचा एस्टर वापरला आणि त्याने त्याहून चांगलं काम केलं. शोधनिबंधात तोच छापला गेला. तुपाचा उल्लेख त्यात कुठेही नाही, पण सरांनी माझ्या नावाशेजारी पिसाळचं नाव घातलं, आणि यावरून वरच्या साहेबांशी भांडले. पुढे परदेशी पेटंटं हाती आली तेव्हा कळलं, हे तिकडे आमच्याआधी कुणाला तरी सापडलं होतं. सर त्या दिवशी दुपारभर कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “त्यांना तुपाने सापडलं नसेल मात्र.” सरांनी केलेली ही एकच गंमत मला माहीत आहे.

दिवाळीआधी माझा प्रबंध सादर झाला. पिसाळला खालच्या मजल्यावर आणखी चार वर्षं लागली, आणि त्याबद्दल तो एका शब्दाने कधी कुरकुरला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन खाली जात असे. पायरीवर बसून आम्ही जेवायचो, कारण रंगांच्या विभागातही त्याने स्वतःपुरता सरांचाच नियम चालू ठेवला होता. बँकेतल्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं. माझे वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत आणि मग एका होळीला आपण होऊन कराडला जेवायला आले. लग्नानंतरही मी त्याला पिसाळच म्हणत राहिले आणि तो मला बाई म्हणत राहिला. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, “तुमचं लग्न झालंय हे कुनी सांगितलं का तुमास्नी?”

तो पितळी डबा माझ्याकडे आहे. त्यातली तुपाची डबीही आहे, फिरकीच्या टोपणाची. तिचं टोपण दर थंडीत अडकून बसतं. पिसाळ होता तोवर मी गरम पाण्यातलं फडकं तिच्यावर गुंडाळायचे आणि दुसऱ्या खोलीत काहीतरी करायला जायचे. परत यायचे तोवर टोपण सुटलेलं असायचं आणि तो खिडकीशी पेपर वाचत बसलेला असायचा. “फडक्यानं सुटलं बगा, बाई,” असं वर न बघता म्हणायचा. चाळीस वर्षं आम्ही हे नाटक केलं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मला त्याची फार आठवण येते. परवा होळीला पुरण घातलं, पोळ्या केल्या आणि डबी काढली. टोपण अडकलं होतं. सवयीने फडकं गुंडाळलं, आतल्या खोलीत गेले, उगीच कपाट आवरलं, मुद्दाम जरा जास्त वेळ लावला. परत आले. फडकं गार झालं होतं आणि टोपण तसंच होतं.

पोळी मी कोरडीच खाल्ली.